परत येणाऱ्या कागदावर क्यूआर लावायचा तर त्यात काय भरायचं?

प्रश्न: आमच्याकडून रोज बरीच डिलिव्हरी चलनं आणि ऑर्डर फॉर्म बाहेर जातात, सही-शिक्का होऊन परत येतात. मग एक जण बसून नंबर बघून बघून कॉम्प्युटरमध्ये टाकतो, त्यात चुका होतात. आता क्यूआर कोड छापायचा विचार आहे. फॉर्मवरची सगळीच माहिती त्यात भरावी का?

उत्तर: क्यूआर जरूर छापा, पण सगळी माहिती भरू नका.

मावायला बरंच मावतं हे खरं आहे, सगळ्यात मोठ्या क्यूआरमध्ये ७,०८९ आकडे बसतात. पण देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा साधारण ३ बाइट खाते आणि एकूण जागा २,९५३ बाइटचीच असते, म्हणजे मराठी मजकूर हजार चिन्हांच्या आतच संपतो. शिवाय तो कोड १७७ बाय १७७ ठिपक्यांचा होतो. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० बिंदू छापणाऱ्या) प्रिंटरवर कोडचा एक ठिपका नीट वाचता यावा म्हणून साधारण ०.४ मिलिमीटरचा धरला तर कोड ७ सेंटीमीटरच्या वर जातो, म्हणजे फॉर्मचा अख्खा कोपरा गेला. तेच फक्त फॉर्मचा प्रकार, नंबर आणि पान नंबर टाकलात तर २९ बाय २९ चा कोड पुरतो आणि भोवतीची कोरी जागा धरूनही दीड सेंटीमीटरमध्ये काम होतं. बाकीची माहिती तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून आहेच की, नंबर वाचला की ती समोर येते.

पान नंबर मात्र विसरू नका, '३ पैकी २' असं कोडमध्येच टाका. गठ्ठा स्कॅनरमध्ये घातला की सॉफ्टवेअर आपोआप फायली वेगळ्या करतं आणि एखादं पान परत आलं नसेल तर तेही त्याच दिवशी कळतं, माझ्या मते तुमच्या कामात खरा फायदा इथेच आहे, टायपिंगची मेहनत वाचणं हा त्याच्या पुढचा भाग.

कागद हाताळला जाणार, मळणार, वर शिक्का बसणार, म्हणून कोड बनवताना एरर करेक्शन, म्हणजे थोडा भाग खराब झाला तरी कोड वाचला जाण्याची सोय, बघून घ्या. चार लेव्हल असतात, एल, एम, क्यू आणि एच, त्यात एल साधारण ७ टक्के नुकसान सहन करते आणि एच ३० टक्क्यांपर्यंत. तुम्ही क्यू किंवा एच घ्या, कोड थोडा मोठा होईल, होऊ दे. पण कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन झाकले गेले तर कुठलीच लेव्हल उपयोगी पडेल असं नाही, कारण स्कॅनर कोड शोधतो तेच मुळी त्यांच्यावरून. म्हणून सहीच्या जागेपासून कोड लांब ठेवा आणि भोवती चार ठिपक्यांएवढी कोरी जागा सोडा.

आणि एक, क्यूआर आहे म्हणून कागद अस्सल असं कृपा करून समजू नका, कोड कोणीही बनवू शकतो आणि कोणीही फोनवर वाचू शकतो. त्यामुळे खाते नंबर वगैरे त्यात नकोच. सर्टिफिकेटसारखा कागद असेल आणि समोरच्याला खात्री करता यायला हवी असेल तर महत्त्वाच्या मजकुरावर डिजिटल सही (सहीचं चित्र नव्हे, मजकुरावरून सॉफ्टवेअरने काढलेली तपासता येणारी खूण) करून ती कोडमध्ये घाला, मग एक आकडा जरी बदलला तरी तपासणीत पकडलं जातं.

सुरुवात एकाच फॉर्मपासून करा, आणि छापून सही-शिक्का मारलेले, घड्या पडलेले पन्नासेक कागद तुमच्याच स्कॅनरवर वाचून बघा, कोरे नाहीत.