शंका-समाधान : बायनोव्ह्यूअरसाठी आयपीसची जोडी

प्रश्न : माझी आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण (आरसा २०० मिमी, फोकल लांबी १२०० मिमी) आहे. ग्रह दोन्ही डोळ्यांनी बघता यावेत म्हणून बायनोव्ह्यूअर (दुर्बिणीतला प्रकाश दोन डोळ्यांत वाटणारं उपकरण) मागवला आहे. घरात २५ आणि १० मिमीचा एकेक प्लोसल (साध्या बांधणीचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग) पडून आहे. दोन्हींचे जोडीदार घ्यावेत, की सरळ ७ मिमीची भारी जोडी घ्यावी? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : २५ मिमीची जोडी करा. १० मिमीचा जोडीदार घेऊ नका आणि ७ मिमीचा विचार सोडून द्या.

कारण आयपीसमध्ये नाही, फोकसरमध्ये, म्हणजे आयपीस आत-बाहेर सरकवणाऱ्या नळीत आहे. बायनोव्ह्यूअरच्या प्रिझममधून जाताना प्रकाशाला साधारण १०० मिमीची जादा वाट चालावी लागते. म्हणजे आयपीस तेवढा आत न्यायला हवा, आणि तुमच्या दुर्बिणीचा फोकसर इतका आत जात नाही. फोकस जुळवायचा तर बार्लो (फोकल लांबी वाढवणारं भिंग) लागतेच. नेहमीच्या २× बार्लोचं भिंगाचं टोक बहुधा आट्यांवरून सुटं होतं. ते बायनोव्ह्यूअरच्या नळीच्या तोंडाशी, फिल्टरच्या आट्यांवर बसवायचं. तिथून आयपीसपर्यंतचं अंतर वाढलेलं असल्याने ही २× बार्लो प्रत्यक्षात ३× च्या आसपास काम करते. म्हणजे तुमची १२०० मिमीची दुर्बीण ३६०० मिमीची झाली.

आता ३६०० ला आयपीसच्या मिमीने भागा, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी होते ते कळेल. २५ मिमीने १४४ पट. १० मिमीने ३६० पट, ७ मिमीने ५१४. आठ इंची आरशाला ३६० पटीत आयपीसमधून जेमतेम ०.५५ मिमी जाडीची प्रकाशशलाका बाहेर पडते, तीही दोन डोळ्यांत निम्मी-निम्मी वाटलेली. गुरू फिकट आणि मऊ दिसतो. त्यात आपल्याकडे मार्च ते मे दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो. त्या हवेतून ३६० पट म्हणजे उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं बघणं. दुर्बीण मातीच्या अंगणात किंवा शेतात मांडा. जुन्या वाड्याचं मातीचं माळवदही स्लॅबपेक्षा बरं.

पुढे हवा स्थिर असलेल्या रात्रींसाठी दुसरी जोडी घ्यायची झाली तर १८ मिमीच्या आसपासची घ्या, ती २०० पट देते. १९-२० मिमीचे ६५ ते ६८ अंश दृश्यक्षेत्राचे आयपीस खिशाला परवडत असतील तर उत्तमच. मात्र ३२ मिमीचा प्लोसल किंवा २४ मिमीचा ६८ अंशी आयपीस स्वस्त बायनोव्ह्यूअरला घेऊ नका. या दोन्हींच्या आतलं क्षेत्रकडं, म्हणजे फील्ड स्टॉप, २७ मिमीचं असतं आणि स्वस्त बायनोव्ह्यूअरच्या प्रिझमची वाट २० ते २३ मिमीची. कडा काळवंडतात आणि पैसे दिलेलं क्षेत्र वाया जातं. २५ मिमी प्लोसलचं कडं २१-२२ मिमीचं असल्याने तो बरोबर बसतो.

घरातल्या २५ मिमीला जोडीदार शोधताना जपून. पाच-सात वर्षांपूर्वीचा आणि आजचा, नाव तेच असलं तरी लेप आणि बांधणी बदललेली असू शकते. दोन्ही घेऊन पांढऱ्या भिंतीकडे आळीपाळीने बघा. एकातून पिवळट, दुसऱ्यातून निळसर दिसलं तर सरळ नवी जोडी घ्या, एकाच वेळी, एकाच दुकानातून. दोन प्रतिमांच्या आकारात दोन टक्क्यांपर्यंतचा फरक मेंदू सहसा सांभाळून घेतो. झूम आयपीसची जोडी मात्र टाळावी. दोन झूम नेमक्या एकाच आकड्यावर थांबवणं हा रात्रभराचा उद्योग होतो.

आणि हो, बायनोव्ह्यूअर व दोन आयपीस मिळून पाऊण किलोच्या आसपास वजन तोंडाकडे येतं. डॉब्सोनियन खाली झुकेल. मागच्या टोकाला लोहचुंबक किंवा वाळूची थैली बांधा.

प्रश्न : माझ्या बायनोव्ह्यूअरमधून २५ मिमी जोडीने एक चंद्र दिसतो, १० मिमीने दोन. बायनोव्ह्यूअर खराब आहे का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : असेलही, पण आधी स्क्रू तपासा. आयपीस नळीत ०.२ मिमी बाजूला बसला तर २५ मिमीत दोन प्रतिमांमध्ये अर्ध्या अंशाहून थोडा कमी फरक पडतो, १० मिमीत तोच १.१५ अंश होतो. चूक तेवढीच, दिसते अडीचपट. डोळे नाकाकडे वळवून आडवा फरक आपण नकळत मिटवतो. एक डोळा वर, एक खाली हे मात्र जमत नाही, म्हणून थोडाही उभा फरक डोकं धरायला लावतो.

एकाच स्क्रूने आवळणाऱ्या नळीत आयपीस हमखास कलतो. त्यात आयपीसच्या पितळी नळीला खाच असेल तर स्क्रूचं टोक खाचेच्या उतारावर सरकतं आणि आयपीस आणखी तिरका होतो. आवळताना आयपीस खांद्यापर्यंत दाबून धरा. खाच त्रास देत असेल तर ती पातळ टेपने भरून सपाट करा. दोन्ही आयपीसच्या खाचा एकाच बाजूला ठेवल्या तरी फरक पडतो.

एवढ्याने भागलं नाही तर दिवसा, सूर्य पाठीमागे ठेवून, किलोमीटर-दीड किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरचं टोक धरा. डाव्या डोळ्याने ते मधोमध आणा, दुर्बीण न हलवता फक्त उजव्याने बघा. टोक वर-खाली सरकलेलं दिसलं तर उजवा आयपीस सैल करून बघता बघता जागच्या जागी फिरवा. टोक गोल फिरलं तर दोष आयपीसमध्ये. टोक जागेवरच राहिलं तर दोष बैठकीचा किंवा प्रिझमचा, आणि बायनोव्ह्यूअर घरी उघडू नये. विक्रेत्याकडे परत पाठवा.

प्रश्न : शाळेतल्या मुलांना बायनोव्ह्यूअरमधून दाखवायचं आहे. कोणते आयपीस? – एक शिक्षिका, अक्कलकोट

उत्तर : सडपातळ. दोन बुबुळांमधलं अंतर मोठ्यांत साधारण ६३ मिमी, लहान मुलांत ५०-५५ मिमीही असतं. आयपीस त्याहून जाड असेल तर दोन नळ्या तेवढ्या जवळ येतच नाहीत. शिवाय मधे नाक मावायला हवं : ५२ मिमी अंतर आणि ३५ मिमी जाडीचे आयपीस असतील तर नाकाला १७ मिमी उरतात. व्हर्नियरने जाडी मोजूनच घ्या, रबरी कप धरून. स्वतःचं अंतर चष्म्याच्या दुकानात मिनिटभरात मोजून मिळतं.

चष्मा असलेल्या मुलांचा नंबर फक्त गोल (स्फेरिकल) असेल तर चष्मा काढून फोकस करू द्या, दोन डोळ्यांतला फरक आयपीसच्या बैठकीजवळच्या डायॉप्टरने, म्हणजे एका डोळ्याचा फोकस वेगळा जुळवणाऱ्या कड्याने, जुळतो. दंडगोल (सिलिंडर) नंबर जास्त असेल तर चष्मा राहू द्या. त्यासाठी आयपीसपासून डोळ्यापर्यंत १५-१६ मिमी तरी जागा हवी. २५ मिमी प्लोसलमध्ये ती मिळते, १० मिमीत ७-८ मिमीच. ग्रहांसाठी जास्त मिमीचा आयपीस आणि बार्लो, हे म्हणूनही सोयीचं.

प्रश्न : १२७ मिमी माक्सुटोव्ह दुर्बिणीला (फोकल लांबी १५०० मिमी) बार्लोशिवाय फोकस जुळतो. मग २५ मिमीने ६० पटच ना? – एक वाचक, पंढरपूर

उत्तर : नाही, जास्त. माक्सुटोव्हमध्ये फोकस करताना मुख्य आरसा सरकतो आणि फोकल लांबी वाढते. तुमची १८०० मिमीच्या आसपास, म्हणजे ७२ पट, गेली असेल. खात्री करायची तर ट्रॅकिंग (ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणारी मोटर) बंद ठेवून मृगाच्या बाणातला सर्वांत आधी उगवणारा तारा घ्या. तो आकाशाच्या विषुववृत्ताला लागूनच आहे. एका डोळ्याने बघत तो क्षेत्राच्या मधोमधून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजा. मिनिटांना १५ ने गुणलं की क्षेत्र कलांमध्ये (एक अंश म्हणजे ६० कला) मिळतं. ३४३८ गुणिले फील्ड स्टॉप (मिमी), भागिले कला, ही खरी फोकल लांबी. फील्ड स्टॉप २१ मिमी असेल तर १५०० ला ३ मिनिटं १२ सेकंद लागतील, १८०० ला २ मिनिटं ४० सेकंद.

प्रश्न : चंद्रासाठी फिल्टरही जोडीने घ्यावे का? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर : नको. प्रकाश आधीच दोन डोळ्यांत वाटला गेलेला असतो. तरी पौर्णिमेला डोळे दिपलेच तर एकच फिल्टर बायनोव्ह्यूअरच्या नळीच्या तोंडाला लावा, तो दोन्ही डोळ्यांना पुरतो.