मीटरवर शून्य आलं, तरी हात लावू नका

प्रश्न : नवा मल्टिमीटर आणला. लाइट आहे का बघायला दोन्ही प्रोब प्लगच्या भोकांत घातले, तर फाटकन आवाज झाला, एका प्रोबचं टोक वितळलं आणि एमसीबी पडला. नॉब तर एसी व्होल्टवरच होता. मीटर डिफेक्टिव्ह निघाला का? (एक वाचक, चाळीसगाव)

मीटरला दोष देण्याआधी लाल वायर कोणत्या भोकात आहे ते बघा. बहुतेक '१० ए' लिहिलेल्या भोकात असणार. ते भोक करंट मोजायचं. ते आणि काळ्या वायरचं 'कॉम' भोक यांच्यामध्ये आत जाड तारेचा तुकडा असतो, शंट म्हणतात त्याला, आणि त्याचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य. स्वस्तातल्या मीटरमध्ये नॉब कुठेही फिरवा, तो तुकडा जागचा हलत नाही. म्हणजे तुम्ही फेज आणि न्यूट्रल सरळ तारेनं जोडलेत. अशा मीटरवर त्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत 'अनफ्यूज्ड' छापलेलं असतं, वाचतो कोण? एमसीबी पडला म्हणून थोडक्यात निभावलं. हा मीटर आता घरच्या लाइनवर वापरू नका.

करंट मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत, मीटर पेटीत टाकायच्या आधी. चांगल्या मीटरमध्ये या वाटेवर वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असतो. तो महाग पडतो म्हणून उडाल्यावर लोक साधा काचेचा फ्यूज घालतात. काही महाभाग तांब्याची तार गुंडाळतात. मोठ्या शॉर्टला काचेचा फ्यूज फुटतो आणि आत जाळ चालूच राहू शकतो. त्यापेक्षा त्या भोकावर चिकटपट्टी लावून टाका. घरात १० अँपिअर मोजायची वेळ येतेच कितीदा?

प्रश्न : बटण बंद आहे, तरी पंख्याच्या वायरवर मीटर ६८ व्होल्ट दाखवतो. (नागपूर)

बहुधा भुताटकी व्होल्टेज. एकाच पाइपातून चालू वायर शेजारून जाते, तिचा परिणाम बंद वायरवर उमटतो. डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम, त्यामुळे एवढासा करंटही त्याला व्होल्टेज म्हणून दिसतो. १५ वॅटचा टेस्ट लॅम्प त्या वायर आणि न्यूट्रलमध्ये लावा, आकडा कोसळेल. दिवा अर्थिंगला मात्र लावू नका. वायर खरंच चालू निघाली तर तो सुमारे ६५ मिलिअँपिअर घेतो, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) पडेल आणि तुम्ही भलताच फॉल्ट शोधत बसाल. ६८ ऐवजी पूर्ण २३० आले, तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असण्याची शक्यता आहे. असली वायरिंग आजही सापडते. तिथे बटण बंद करून पंख्याला हात लावणं म्हणजे फेजला हात लावणं.

प्रश्न : प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, पण मीटर दोघांमध्ये शून्य दाखवतो. खरं कोण? (एक गृहिणी, सावंतवाडी)

दोघंही खरे. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलाय. घरातलं एखादं उपकरण चालू असलं की फेज त्याच्यातून फिरून न्यूट्रलच्या वायरवर येतो. दोन्ही भोकं सारख्याच व्होल्टेजवर, म्हणून फरक शून्य. हात लावला तर झटका. म्हणून रीडिंग नेहमी तीन घ्या : फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. शेवटचं दोन-चार व्होल्ट असेल तर चालतं. तुमच्याकडे ते २३० च्या आसपास येईल, अर्थिंग शाबूत असेल तर. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

प्रश्न : रात्रीच्या थ्री फेजला मोटार उचलत नाही. स्टार्टरच्या पेटीत फेज स्वतः तपासावेत का? (शेतकरी, जि. बीड)

पिवळ्या खेळण्यातल्या मीटरनं नक्कीच नको. मीटरवर 'कॅट थ्री, ६०० व्होल्ट' असल्याशिवाय ती पेटी उघडू नका. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जवळ असली की शॉर्टचा करंट प्रचंड असतो, शिवाय लाइनवर क्षणभर हजारो व्होल्टचे फटके येतात. कॅटचा दर्जा त्यासाठीच असतो. आधी ऑटोस्विच बंद करा, नाहीतर तुम्ही वाकलेले असताना मोटार सुरू होईल. ओल्या वाफ्यात उभं राहून हे काम नाहीच. कोरडी फळी आणि गमबूट. मोटार बंद ठेवून येणाऱ्या बाजूला तिन्ही जोड्या मोजा, प्रत्येकी ४०० ते ४१५ च्या जवळपास यायला हव्यात. चालू मोटार गेलेल्या फेजवरही व्होल्टेज तयार करते आणि फसवते.

लाइन बंद करून काम करायचं असेल तर मीटर आधी चालू लाइनवर तपासा, मग बंद वायरवर, मग पुन्हा चालू लाइनवर. मधल्या शून्यावर भरवसा ठेवायचा तो त्या तिसऱ्या रीडिंगनंतर. प्रोबची वायर अधेमधे तुटली असली तरी शून्यच दिसतं.

प्रश्न : क्लॅम्प मीटर गीझरच्या केबलला लावला, करंट शून्य! (ठाणे)

क्लॅम्प मीटर वायरभोवती जबडा लावून करंट मोजतो, तुम्ही त्यात अख्खी केबल धरलीत. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना पुसून टाकतात. बोर्डात एकटी फेजची वायर जबड्यात घ्या. २ किलोवॅटचा गीझर असेल तर साधारण ८.७ अँपिअर दिसेल.