ठोकळा कोणी बदलायचा?

“पाच वर्षांची झाली, तरी कोडिंगच्या नावाखाली अजून लाकडी ठोकळेच मांडतेय. बरोबरीची मुलं टॅबलेटवर गेम बनवतात. मागे पडेल का हो ती?” आईचा हा प्रश्न मी बऱ्याच पालकांकडून ऐकते. बाबांची तक्रार वेगळी होती. रोबो चुकला की मुलगी ठोकळे फेकते आणि ‘मला येतच नाही’ म्हणून रडते.

मी ठोकळे आणि रोबो घेऊनच यायला सांगितलं. ‘पुढे’, ‘डावीकडे वळ’ असे ठोकळे ओळीने जोडायचे, की रोबो त्याच क्रमाने चालतो. मुलीने त्याला उशीपर्यंत न्यायचं ठरवलं. निम्मा रस्ता छान गेला. मग रोबो तिच्याकडे तोंड करून येऊ लागला आणि ‘डावीकडे’ लावलेला असूनही तिच्या उजव्या हाताकडे वळला. तिचा चेहरा पडला. तेवढ्यात बाबांनी ठोकळा बदलून टाकला. रोबो उशीपर्यंत पोचला, पण ती बघतसुद्धा नव्हती.

क्रम तिला पक्का कळला होता. अडत होतं ते एवढंच, की समोरून येणाऱ्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे असते. या वयात ते जडच जातं. मी तिला रोबोच्या जागी, त्याच दिशेला तोंड करून उभं केलं. “आता तूच रोबो.” एकेक ठोकळा मोठ्याने म्हणत ती चालली, वळणावर थबकली, स्वतःचे हात पाहिले आणि धावत जाऊन तिनेच ठोकळा बदलला.

यात माझं नवीन काही नाही. १९६७ साली ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी सीमोर पॅपर्ट मुलांना असंच ‘कासव’ होऊन चालायला सांगत; कासव म्हणजे त्या भाषेतल्या सूचनांवर चालणारा छोटा रोबो. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात रेडिया पर्लमन यांनी शाळेत जाण्याआधीच्या मुलांसाठी खाचांत सूचनांची कार्डं बसवायचं यंत्र केलं. चालू असलेल्या कार्डापाशी दिवा लागे, म्हणजे चूक कुठे झाली ते मुलालाच दिसे. ठोकळे त्याच घराण्यातले आहेत. त्यांना कमी लेखू नका, असं मी आईला अगदी कळकळीने सांगितलं. वाचता येऊ लागलं की स्क्रीन आहेच.

बाबांना एकच काम दिलं. रोबो चुकला की हात मागे ठेवायचे आणि विचारायचं, “कुठल्या ठोकळ्यापर्यंत त्याने तुझं ऐकलं?”

महिन्याने आईचा निरोप आला. ठोकळे अजूनही कधीकधी फेकले जातात. पण गोळा तीच करते, आणि सुरू करण्याआधी बाबांचे हात मागे आहेत ना, ते बघून घेते.