चौथ्या डाउनला मैदानात येणाऱ्यास

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला, व्हिडिओही पाहिला. मोठ्या युनिव्हर्सिटीत वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय खेळणारा, म्हणून जाऊ की डिव्हिजन टूच्या, म्हणजे खालच्या गटातल्या छोट्या कॉलेजात, असं तू विचारलंस. तिकडे स्टेडियम मोठं, नाव मोठं, पण फी सगळी घरून भरायची. इकडे थोडी स्कॉलरशिप आणि पहिल्याच वर्षी खेळायची शक्यता. उत्तर देतो, पण आधी तुझ्या व्हिडिओबद्दल बोलू दे, कारण उत्तराचा अर्धा भाग त्यातच आहे.

हे पत्र तुझी आई नाशिकला आजींना फोनवर वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. तेव्हा त्यांच्यासाठी थोडं. आजी, या अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. तीन वाया गेल्या की बहुतेक संघ चौथ्या वेळी धोका पत्करत नाहीत. चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्यांच्या हवाली करतात, म्हणजे त्यांना सुरुवात दुरून करावी लागते. ती लाथ मारणारा तो पंटर. नातू चेंडू दुसऱ्यांना देऊन टाकतो हे खरंच आहे, त्यासाठीच त्याला लोक बोलावतायत.

आता तू. व्हिडिओत ओळीने पंचावन्न-साठ यार्डांचे पंट आहेत, मागे गाणं आहे, आणि प्रत्येक वेळी चेंडू आधीपासून तुझ्या हातात आहे. एकाही पंटमध्ये स्नॅप, म्हणजे पुढच्या ओळीतल्या गड्याने मागे फेकलेला चेंडू, नाही. मी स्वतः कधी पंट मारलेला नाही. सांगलीहून संख्याशास्त्र शिकायला आलो, फुटबॉल संघाच्या व्हिडिओ खोलीत अर्धवेळ काम मिळालं आणि तिथलाच झालो. पण कोच लोक काय बघतात हे त्या खोलीत बसून नीट कळतं. ते पाय शेवटी बघतात. आधी घड्याळ लावतात.

लाँग स्नॅपरच्या हातून सुटलेला चेंडू चौदा-पंधरा यार्ड मागे उभ्या पंटरपर्यंत पाऊण सेकंदात यायला हवा. तिथून पायाला लागेपर्यंत सव्वा सेकंद, फार तर त्याहून किंचित जास्त. म्हणजे सगळा कारभार दोन सेकंदांचा. त्याहून उशीर झाला की समोरून धावत आलेल्याचा हात चेंडूला लागतो. त्या वेळात तुला वेडावाकडा आलेला चेंडू पकडायचा, शिवण वर येईल असा हातात फिरवायचा, टोक किंचित आत वळवून आडवा धरायचा आणि पायावर सोडायचा असतो. सोडणं बिघडलं की मग पाय कितीही जोरकस असला तरी चेंडू मळसूत्रासारखा फिरत जात नाही, डुगडुगतो. म्हणून रोज लाथ न मारता नुसता ड्रॉप करण्याचा सराव कर. कंटाळवाणा आहे, घरच्या हॉलमध्येही होतो, आणि पायाला विश्रांती मिळते. तुझ्या वयाची मुलं दिवसाला शंभर-शंभर पंट मारतात आणि सप्टेंबरातच मांडी धरून बसतात.

दुसरी गोष्ट अंतराची. तू सरासरी लिहून पाठवलीस ती ग्रॉस, म्हणजे चेंडू किती लांब गेला ती. कोच नेट मोजतात. समज, तू बावन्न यार्ड मारलास, पण चेंडू हवेत चार सेकंदही राहिला नाही. तुझे गडी पोचायच्या आत समोरचा सतरा यार्ड पळत परत आला. हाती उरले पस्तीस. दुसऱ्याने बेचाळीसच मारला, पण साडेचार सेकंद हवेत ठेवला. समोरच्याने हात वर करून फेअर कॅच घेतला, म्हणजे पकडून तिथेच थांबला, बेचाळीसचे बेचाळीस वसूल. आणि समोरच्यांच्या पंचेचाळीसच्या रेषेवरून जोर काढून थेट एंड झोनमध्ये, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे घातलास, तर टचबॅक होऊन चेंडू त्यांच्या विसाच्या रेषेवर लागतो. कागदावर पंचेचाळीस, हाती पंचवीस. तिथून दहाच्या आत थांबवणारा पोरगा तुझ्यापेक्षा दुबळ्या पायाचा असला तरी आधी घेतला जातो.

ही विद्या हल्ली ऑस्ट्रेलियन लोकांनी महाग करून ठेवली आहे. मेलबर्नच्या नेथन चॅपमनने २००७ मध्ये प्रोकिक ऑस्ट्रेलिया सुरू केली. तिकडच्या फुटीत, म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या फुटबॉलमध्ये, लहानपणापासून पळता पळता लाथ मारलेली मुलं तो इकडच्या कॉलेजांना पाठवू लागला. उलटा गिरक्या घेत जाणारा त्यांचा चेंडू जमिनीवर पडला की पुढे पळत नाही, बसतो किंवा मागे येतो. कॉलेजातल्या सर्वोत्तम पंटरला रे गाय या जुन्या नामवंत पंटरच्या नावाचं पारितोषिक मिळतं. २०१३ ते २०१७ अशी सलग पाच वर्षं ते ऑस्ट्रेलियनांकडे गेलं: टॉम हॉर्नसी, मग दोनदा टॉम हॅकेट, मिच विश्नोव्स्की आणि मायकल डिक्सन. २०१७ च्या टेक्सास बोल या सामन्यात डिक्सनने अकरा पंट मारले, त्यातले दहा समोरच्यांच्या वीस यार्डांच्या आत थांबले आणि सामनावीर तो ठरला. पंटर सामनावीर! तो सामना जुन्या व्हिडिओंत शोध आणि आवाज बंद करून बघ. लांबी बघू नकोस, चेंडू कुठे थांबतो ते बघ.

कॉलेजात हे जमण्याचं आणखी एक कारण नियमांत आहे. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये स्नॅप झाल्याबरोबर फक्त कडेचे दोघे धावू शकतात, बाकीच्यांना लाथ बसेपर्यंत थांबावं लागतं. कॉलेजात सगळेच सुटू शकतात. त्यामुळे इथे पंटरच्या पुढे तिघांची ढाल उभी करतात आणि बाकीचे सरळ खाली पळतात. उजवीकडे पळत जाऊन रग्बीसारखा मारणंही इथे चालतं, फक्त टॅकल बॉक्सच्या, म्हणजे मधल्या ठरावीक पट्ट्याच्या, बाहेर चेंडू घेऊन गेलास की लाथ मारणाऱ्याला मिळणारं खास संरक्षण उरत नाही. कोणी अंगावर आला तर रेफरीकडे बघून उपयोग नाही. दोन्ही तऱ्हा शिक. फक्त सरळ उभं राहून मारणाऱ्याला आता दारं कमी आहेत.

एक प्रसंग सांगतो, घाबरवायला नाही. १७ ऑक्टोबर २०१५, ॲन आर्बर. मिशिगन २३, मिशिगन स्टेट २१, दहा सेकंद शिल्लक, मिशिगनचा पंट. ब्लेक ओ'नील हा मेलबर्नचाच. त्याच दिवशी आधी त्याने ऐंशी यार्डांचा पंट मारला होता. स्नॅप खाली आला, हातातून निसटला. त्याने तो उचलून तरीही मारायला पाहिलं आणि चेंडू उडून मिशिगन स्टेटच्या जॅलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात गेला. तो अडतीस यार्ड पळाला, वेळ संपली, मिशिगन स्टेट २७-२३ ने जिंकली. त्या धावेच्या शेवटी वॉट्स-जॅक्सनचं स्वतःचं खुब्याचं हाड मोडलं, ते कोणाला आठवत नाही. ऐंशी यार्डही कोणाला आठवत नाहीत. ओ'नीलला इंटरनेटवर लोकांनी इतकं घाणेरडं लिहिलं की विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना जाहीर पत्र लिहून लोकांना आवरावं लागलं. निसटलेल्या चेंडूवर काय करायचं हे आधीच ठरलेलं असावं लागतं, त्या क्षणी सुचत नाही. अशा वेळी चेंडूवर पडायचं, बस. सरावात स्नॅपरला मुद्दाम वाईट चेंडू टाकायला सांग, ओला करून टाकायला सांग. आणि असा दिवस आलाच तर फोन आईकडे देऊन झोप.

आता पुढच्या आयुष्याचं. एनएफएलमध्ये बत्तीस संघ आहेत आणि प्रत्येकाला एकच पंटर लागतो. त्यातले काही दहा-दहा वर्षं हलत नाहीत, म्हणजे दर वर्षी खऱ्या अर्थाने मोकळ्या होणाऱ्या जागा बोटांवर मोजाव्या. एनएफएलचे संघ दर वर्षी कॉलेजातले खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात; रे गाय यांना १९७३ मध्ये पहिल्याच फेरीत निवडलं होतं, तरी हॉल ऑफ फेममध्ये निव्वळ पंटर म्हणून पहिले शिरायला त्यांना २०१४ उजाडलं. आयोवा विद्यापीठाचा टोरी टेलर २०२३ च्या एका हंगामात ४,४७९ यार्ड मारून १९३८ पासूनचा विक्रम मोडतो आणि चौथ्या फेरीत निवडला जातो, तेव्हा त्याची बातमी होते, कारण पंटरसाठी ते फार वर आहे. (त्याच्या संघाचं आक्रमण इतकं अडखळत होतं की त्याला ९३ वेळा यावं लागलं. पंटरला सराव हवा असेल तर संघ थोडा वाईटच बघावा!) उलट कोलोरॅडो स्टेटचा रायन स्टोनहाउस कॉलेजच्या कारकिर्दीत ४७.८ ची सरासरी ठेवूनही २०२२ मध्ये कोणी निवडला नाही. न निवडता टायटन्स या एनएफएल संघाकडे गेला आणि पहिल्याच वर्षी ५३.१ ने सॅमी बॉचा १९४० चा विक्रम मोडला. पुढच्या डिसेंबरात एका ब्लॉक झालेल्या पंटवर गुडघा गेला. हे सगळं एकाच माणसाचं, दोन वर्षांच्या आतलं. असल्या धंद्याच्या भरवशावर सिव्हिल इंजिनीअरिंग सोडून काहीतरी सोपं घे, असं तुला कोणी सुचवलं तर त्या कॉलेजचा विचार तिथेच थांबव.

तर दोन कॉलेजं. वॉक-ऑन हा शब्द पूर्वी जेवढा भक्कम होता तेवढा आता नाही. २०२५ पासून मोठ्या कॉलेजांतल्या बहुतेक संघांना १०५ खेळाडूंची मर्यादा आली आहे. पूर्वी स्कॉलरशिप ८५ असल्या तरी फुकट खेळणारी पोरं हवी तितकी ठेवता यायची, आता तसं नाही. शिवाय खेळाडूंना कॉलेज बदलू देणारं ट्रान्सफर पोर्टल आहे. आज तुला मिठी मारणारा कोच हंगाम संपल्यावर दुसरीकडचा चोवीस वर्षांचा तयार पंटर आणू शकतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही आणला असता. त्यामुळे त्याला सरळ विचार: १०५ मध्ये मी आहे का, आणि किती वर्षं? आत्ताचा पंटर कोणत्या वर्षात आहे? माझा स्नॅपर कोण? स्पेशल टीम्सचा, म्हणजे लाथेच्या खेळाचा, स्वतंत्र कोच आहे की दुसऱ्याच जागेचा, टाइट एंडवाला कोच जाता जाता बघतो? उत्तर "बघू" असं आलं तर तुला कळेलच.

माझं मत विचारशील तर छोटं कॉलेज. पाच हजार लोकांसमोर चार वर्षं खरे स्नॅप पकडून मारलेले पंट हे लाखाच्या स्टेडियममध्ये बाजूला उभं राहून घालवलेल्या चार वर्षांपेक्षा पुढे जास्त दारं उघडतात. तिथून दोन वर्षांनी वर जाता येतं, पोर्टल दोन्ही बाजूंनी उघडतं. एक अट आहे, इंजिनीअरिंगची लॅब दुपारच्या सरावावर येत नाही ना हे आधी वेळापत्रक मागून बघ. भेटीच्या दिवशी आईला डीनच्या ऑफिसात पाठव, त्या कामात तिचा हात कोणी धरणार नाही.

तिथे गेलास की पहिल्याच आठवड्यात फील्ड गोलसाठी, म्हणजे किकर खांबांमधून लाथ मारतो तेव्हा, चेंडू धरायला शिक. बहुतेक संघांत ते काम पंटरकडेच येतं, आणि चांगला होल्डर किकरला सोडवत नाही, किकर कोचला सोडू देत नाही. स्नॅपरशी मैत्री कर, त्याच्या जेवणाचे पैसे अधूनमधून तू दे.

व्हिडिओ नवा कर. गाणं काढून टाक. कॅमेरा मागून आणि उंचावर लाव, स्नॅपरच्या हातापासून चेंडू थांबेपर्यंत एकही तुकडा कापू नकोस. वाऱ्याविरुद्ध मारलेले चार, ओल्या चेंडूचे दोन, पन्नासच्या आसपासहून दहाच्या आत टाकलेले तीन, आणि एक वाईट स्नॅप निस्तरलेला. हँग टाइम, म्हणजे चेंडू हवेत राहिल्याचा वेळ, खाली लिही, स्वतः मोजून. फुगवलास तर कोच घड्याळ लावून बघतील आणि पुढचा व्हिडिओ उघडतील. रविवारी रात्री मला पाठव, सोमवारी कामावर जायच्या आधी बघतो.

आजींना नमस्कार सांग.

तुझा,
काका