लिबसी६ साठी डेबियनची ओळ घालू नका

उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) वर स्कॅनरचं सॉफ्टवेअर ‘लिबसी६ २.३६ किंवा पुढची हवी’ म्हणत अडलंय (लिबसी६ म्हणजे जवळजवळ सगळे प्रोग्रॅम वापरतात ती मूळ लायब्ररी) आणि कोणीतरी सोर्सेसच्या यादीत, म्हणजे सॉफ्टवेअर कुठून उतरवायचं त्या पत्त्यांत, डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सची ओळ घालायला सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. घालू नका. अपडेट, फिक्स-ब्रोकन वगैरे नेहमीचे उपाय करून झालं असेलच, ते सोडतो.

इंदूरला रामबागेकडच्या आमच्या पतसंस्थेत नेमकं हेच झालं. सेवा केंद्रातल्या माणसाने दुरून मशीन ताब्यात घेतलं आणि ती ओळ घातली. तिथल्या सामानाची डिजिटल सही पडताळता येत नाही म्हणून ॲप्ट (सॉफ्टवेअर बसवणारं साधन) कुरकुरलं, तर पठ्ठ्याने ‘ट्रस्टेड=यस’ लिहून त्याचं तोंड बंद केलं. स्कॅनर चालला, तक्रार निकाली! पुढच्या नेहमीच्या अपग्रेडमध्ये ॲप्टने ज्याची आवृत्ती वरची ते उचललं, म्हणजे डेबियनचं ढीगभर सामान आत. ओळ काढूनही भागलं नाही. ॲप्ट आपणहून मागची आवृत्ती बसवत नाही. लिबसी६-डेव्हला (प्रोग्रॅम बांधताना लागणारा तिचा जोडभाग) लिबसी६ची अगदी तीच आवृत्ती लागते, उबुंटूकडे २.३५, मशीनवर २.३६. त्यामुळे बिल्ड-इसेन्शियल हा प्रोग्रॅम बांधायच्या साधनांचा संचही बसेना. सेवा केंद्राचं उत्तर: “लिनक्स में तो ऐसा होता ही है, भिया.” अरे, ओळ कोणी घातली? त्यांच्या फोनयादीतल्या पुढच्या माणसाला फोन जोडून द्यायचा, एवढंच तिथे सगळ्यांना येतं.

‘ॲप्ट पॉलिसी लिबसी६’ चालवून बघा. बसलेली आवृत्ती २.३५ च्या वरची असेल आणि तिच्याखाली रेपोचा (सॉफ्टवेअरच्या भांडाराचा) पत्ता नसून नुसती डीपीकेजीची स्टेटस फाइल, म्हणजे मशीनवरचीच नोंद, दिसली, तर ती आवृत्ती बाहेरून आलेली समजा. मग हाताने मागे नेत बसू नका, जवळजवळ सगळी सिस्टीम लिबसी६वर उभी असते. डेटा काढून घ्या आणि उबुंटू २४.०४ नव्याने टाका, त्यात ती २.३९ आहे. हे माझं मत हं. मी हिशेब बघणारा माणूस, सर्व्हर सांभाळणाऱ्यांना दुसरी वाट माहीत असेल. कोणी फ्लॅटपॅक (ॲप बसवायची वेगळी पद्धत) सुचवेल. तो आपल्या लायब्रऱ्या सोबत आणतो, पण ड्रायव्हरसाठी सहसा कामाचा नाही.

आणि कंपनीचं सॉफ्टवेअर मुळात लागतं का? स्कॅनर नेटवर्कवरचा आणि ईएससीएल (कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय स्कॅन करायची पद्धत) जाणणारा असेल, तर उबुंटूच्याच रेपोतलं सेन-एअरस्कॅन हे स्कॅनरचं पॅकेज बहुधा पुरतं. आधी ते लावून बघा.