झुकलेली पाती आणि उजवे पेडल: वाचकांच्या पत्रांना उत्तरे

गेल्या महिन्याच्या अंकात निवृत्तीनंतर जडलेल्या छंदाविषयी, म्हणजे लष्करी हेलिकॉप्टरांच्या लहान प्रतिकृती जोडण्याविषयी, मी चार शब्द लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. नौदलात मी आधी चेतक आणि नंतर सी किंग चालवले, त्यामुळे उत्तरांचा कल समुद्राकडे राहील. हवाई दलातील मित्रांनी ते पोटात घालावे.

प्रश्न : माझ्या मुलाने सी किंगचे १/७२ प्रमाणाचे किट तीन महिने खपून जोडले. रंग, खुणा, काचा सारे नीट आहे, तरी शोकेसमध्ये ठेवल्यावर ते खेळण्यासारखे दिसते. चुकले कुठे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : पत्रासोबतचा फोटो मी भिंगाखाली पाहिला. मुलाचा हात चांगला आहे. चूक आहे ती पात्यांत. रोटरची पाचही पाती घराच्या छताला टांगलेल्या पंख्यासारखी सरळ आणि आडवी आहेत, आणि खऱ्या सी किंगची पाती अशी कधीच नसतात. उभे असताना नाही आणि उडतानाही नाही.

सी किंगच्या रोटरचा व्यास १८.९ मीटर, म्हणजे एकेक पाते आठ मीटरांहून लांब. एवढी लांब आणि अरुंद वस्तू एका टोकाला धरली, तर ती स्वतःच्याच वजनाने खाली वाकणार. हेलिकॉप्टर थांबलेले असते तेव्हा पाती मुळाशी असलेल्या अडणीवर टेकतात आणि तेथून टोकापर्यंत हळूहळू झुकत जातात. इंजिन सुरू करून रोटर फिरू लागला की चित्र पालटते. मिनिटाला साधारण २०० फेरे या गतीला पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २०० मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असते, आणि त्या फिरण्याने पाते बाहेरच्या दिशेला असे खेचले जाते की मघाचे लुळे पाते ताठ होते. पुढे वैमानिक डाव्या हाताचा कलेक्टिव्ह दांडा वर घेतो, सर्व पात्यांचा कोन एकदम वाढतो, यंत्राचा भार त्यांच्यावर येतो आणि ती किंचित वर उचलली जातात. बाजूने पाहिले तर उलट्या धरलेल्या उथळ छत्रीचा आकार दिसतो. डब्यात माणसे आणि टाकीत इंधन जितके जास्त, तितकी ही छत्री खोल.

म्हणून किट उघडण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते: आपण कोणता क्षण करणार आहोत? तळावर उभे असलेले हेलिकॉप्टर करायचे असेल तर पाती झुकवा, इंजिनांच्या तोंडावर लाल झाकणे बसवा, चाकांना अडसर लावा आणि कॉकपिट रिकामे ठेवा. उडते करायचे असेल तर पाती उचला आणि आत दोन वैमानिक बसवा. फिरत्या रोटरखाली रिकाम्या खुर्च्या पाहिल्या की माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो.

पाती वाकवण्यासाठी मेणबत्ती किंवा केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये, प्लास्टिक पिळवटते. कपभर गरम पाण्यात पाते काही सेकंद बुडवावे, बोटांनी हलकेच वळवावे आणि लगेच गार पाण्यात धरावे. सर्व वाक मुळाशी आणू नये. अर्ध्या लांबीनंतर तो वाढत गेला पाहिजे. पाचही पाती अगदी सारखी झुकली नाहीत तरी बिघडत नाही, वाऱ्यावर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरची ती तशी झुकत नाहीतच.

प्रश्न : दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्याने कोणते प्रमाण निवडावे? १/७२ हा विचित्र आकडा आला कोठून? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : आकडा विचित्र वाटतो तो आपण मीटरमध्ये मोजतो म्हणून. फूट आणि इंचांच्या हिशेबात सहा फुटांचे बहात्तर इंच होतात, म्हणजे या प्रमाणात साधारण एक पुरुष उंचीचा माणूस एका इंचाचा होतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची आणि आपली विमाने आकृतीवरून ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी याच प्रमाणाच्या प्रतिकृती वापरल्या जात. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने त्या लाकडात कोरून देण्याचे काम चक्क शाळकरी मुलांवर सोपवले होते. मग हे माप रुळले.

जागेचा हिशेब असा. सी किंगचा रोटर १/७२ मध्ये सव्वीस सेंटिमीटर भरतो आणि १/४८ मध्ये साडेएकोणचाळीस. चिनूक या दोन रोटरांच्या मोठ्या हेलिकॉप्टरचे दोन्ही रोटर पसरले तर १/४८ मध्ये पुढून मागे साठ सेंटिमीटरांच्या वर जागा जाते. त्यासाठी घरातले कोणीतरी बाहेर झोपवावे लागेल. माझे मत विचाराल तर १/७२ घ्या आणि नौदलाचे हेलिकॉप्टर निवडा. जहाजावरचा हँगर म्हणजे आपल्या चाळीतली खोलीच असते, त्यामुळे सी किंगची पाती मागे वळवून अंगालगत दुमडता येतात आणि शेपटीचा मागचा भागही घडी होतो. दुमडलेला सी किंग अरुंद फळीवर मावतो, आणि जहाजावर तो बहुतेक वेळ तसाच असतो, त्यामुळे प्रतिकृतीही खोटी ठरत नाही.

प्रश्न : माझ्या एमआय-८ च्या किटमध्ये शेपटीचा रोटर उजवीकडे दाखवला आहे, पण प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात पाहिलेल्या हेलिकॉप्टरचा डावीकडे होता. किट सदोष आहे का? (एक विद्यार्थिनी, विलेपार्ले)

उत्तर : किट बरोबर आहे आणि तुमचे डोळेही बरोबर आहेत. एमआय-८ चा शेपटीचा रोटर उजव्या अंगाला असतो. त्याच घडणीचे, पण अधिक ताकदीच्या इंजिनांचे एमआय-१७ आले तेव्हा तो डावीकडे गेला. तुम्ही पाहिले ते एमआय-१७. लांबून ही दोन यंत्रे वेगळी ओळखण्याची याहून सोपी खूण नाही.

रोटरचा विषय निघालाच आहे, तर फिरण्याच्या दिशेकडेही लक्ष द्यावे. रशियन एमआय-८ आणि मूळ फ्रेंच घडणीचे चेतक यांचे मुख्य रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, तर अमेरिकी घडणीवर बेतलेल्या सी किंगचा उलट दिशेने. पात्याची गोलसर कड नेहमी पुढे आणि पातळ कड मागे असते. प्रतिकृती जोडताना पाती उलटी बसवली जाणे ही इतकी सर्रास होणारी चूक आहे की मी स्वतः दोनदा केली आहे.

वैमानिकासाठी ही दिशा हा केवळ तपशील नसतो. रोटर एका दिशेने फिरवला की धड दुसऱ्या दिशेने फिरू पाहते, आणि त्याला आवरण्यासाठी पायाखालची पेडले असतात. चेतकमध्ये ताकद वाढवली की नाक डावीकडे जाते म्हणून उजवे पेडल दाबायचे; सी किंगमध्ये नाक उजवीकडे जाते म्हणून डावे. चेतकवर बरीच वर्षे काढून मी सी किंगवर आलो तेव्हा पहिल्याच दिवशी जमिनीवरून उचलताना पायांनी जुन्या सवयीने उजवे पेडल दाबले, आणि ते एवढे मोठे धूड माझ्या मनाविरुद्ध उजवीकडे वळू लागले. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांनी काही न बोलता स्वतःचा डावा पाय पुढे केला. ते काही बोलले असते तर बरे वाटले असते.

प्रश्न : प्रतिकृती जुनी, वापरलेली दिसावी म्हणून मी तांबूस गंज रंगवतो, पण समाधान होत नाही. शिवाय पावसाळ्यात चकचकीत वार्निशवर पांढरट झाक येते. (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : तांबूस गंज लोखंडाला येतो, आणि हेलिकॉप्टरचे अंग बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते. त्यावर खारे पाणी बसले तर पांढरी भुकटी धरते. पण नौदलात तीही फारशी पाहायला मिळत नाही, कारण समुद्रावर खालून उडून परतले की आधी आंघोळ हेलिकॉप्टरची आणि मग आमची, असा शिरस्ता असे. अंग गोड्या पाण्याने धुतले जाई, इंजिनातही पाणी सोडून मिठाचा थर काढला जाई. त्यामुळे नौदलाचे हेलिकॉप्टर मळलेले असते ते तीन ठिकाणी: इंजिनाच्या धुराड्यामागे काजळी, गिअरबॉक्सच्या खाली तेलाचे ओघळ, आणि माणसे जेथे चढतात त्या पायऱ्यांवर व दाराच्या कडांवर उडालेला रंग. कुलाब्याच्या टोकाला असलेल्या तळावर, ज्याला २००९ पासून आयएनएस शिक्रा म्हणतात, मी चेतकमध्ये चढे तेव्हा दाराच्या चौकटीवर बरोबर डाव्या हाताच्या चार बोटांएवढा रंग गेलेला असे, कारण प्रत्येक जण तेथेच धरून आत शिरे. अशी एक जागा शोधून बारीक ब्रशाने रंगवली तर ती दहा ठिकाणच्या गंजावर मात करते.

पांढऱ्या झाकेचे कारण हवेतली आर्द्रता. फवाऱ्यातला द्रव झपाट्याने उडून जातो, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतले पाणी त्यावर धरते. ते वार्निशच्या थरात अडकले की दूध सांडल्यासारखे दिसते. मुंबईत जून ते सप्टेंबर वार्निश न मारणे हा उत्तम उपाय. त्या महिन्यांत तासकाम, घासणे आणि जोडणी उरकावी, आणि वार्निश दिवाळीनंतर मारावे. घाईच असेल तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक वार्निश पातळ थरांत लावावे आणि प्रत्येक थर पुरता सुकू द्यावा.

प्रश्न : आपण खरी हेलिकॉप्टरे चालवली, तेव्हा रिमोटवरचे हेलिकॉप्टर आपल्यासाठी डाव्या हाताचा मळ असणार. शिवाजी पार्कवर शिकवाल का? (एक वाचक, दादर)

उत्तर : नाही, आणि दोन्ही प्रश्नांना नाही.

पहिल्यांदा रिमोटचे हेलिकॉप्टर हातात घेतले तेव्हा माझाही समज तुमच्यासारखाच होता. ते सव्वा मिनिटात जमिनीवर आपटले. कारण नंतर उमगले. खऱ्या हेलिकॉप्टरमध्ये वैमानिक आत बसलेला असतो. यंत्र घसरू लागले की डोळ्यांच्या आधी पाठीला आणि मांड्यांना कळते. बाहेर उभे राहून ही जाणीव मिळत नाही. त्यात हेलिकॉप्टरचे नाक आपल्याकडे वळले की डावे उजवे होते आणि उजवे डावे. लहान यंत्राची पाती मिनिटाला दीड-दोन हजार फेरे घेतात, वजन नगण्य असते, आणि चूक झाली की ती सुधारायला मिळणारा वेळही त्याच प्रमाणात घटतो. शेजारच्या बारा वर्षांच्या मुलाने संगणकावरील सरावाच्या प्रणालीवर महिनाभर घालवला होता. तो ते नाक स्वतःकडे करून स्थिर धरत होता आणि मी मागे उभा राहून पाहत होतो. तुम्हीही सुरुवात तेथूनच करावी, संगणकावर आपटलेल्या यंत्राचे सुटे भाग आणावे लागत नाहीत.

शिवाजी पार्कविषयी म्हणाल, तर तेथे मुले क्रिकेट खेळतात आणि माणसे फेऱ्या मारतात. फिरते पाते बोट तोडू शकते, मग ते कितीही लहान असो. शिवाय शहरात विमानतळ आहे, नौदलाचा तळ आहे आणि जुहूहून हेलिकॉप्टरे ये-जा करतात, त्यामुळे २०२१ च्या ड्रोन नियमांखाली आखलेल्या नकाशावर शहराच्या मोठ्या भागात मनाला येईल तसे उडवता येत नाही. पोलिसांचे बंदी आदेशही वेळोवेळी निघतात. नकाशा पाहावा, परवानगीची चौकशी करावी आणि मगच मैदान शोधावे.

प्रश्न : माझे वडील १९७१ मध्ये विक्रांतवर हेलिकॉप्टरचे तंत्रज्ञ होते. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला त्या हेलिकॉप्टरची प्रतिकृती द्यायची आहे. काय पाहावे? (एक वाचिका, बोरिवली)

उत्तर : विक्रांतवरची ती हेलिकॉप्टरे म्हणजे अल्युएट-३, ज्यांना आपण चेतक म्हणतो. ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांतच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले सुरू केले, त्यांची हकीकत सर्वांना ठाऊक असते. जहाजावरून विमाने उडत किंवा उतरत असताना एक हेलिकॉप्टर जवळच हवेत थांबलेले असते, कारण एखादे विमान पाण्यात पडले तर वैमानिकाला मिनिटांत उचलावे लागते. हे काम नीट झाले तर सांगण्यासारखे काहीच घडत नाही, म्हणून त्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही. तुमच्या वडिलांनी ज्याची देखभाल केली ते हेलिकॉप्टर बहुधा हेच काम करत असावे.

अल्युएट-३ ची किटे १/७२ मध्ये मिळतात. रोटरचा व्यास ११.०२ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत पंधरा सेंटिमीटरांच्या जरा वर. माणूस उचलण्याची दोरखंडाची चरखी बाजूच्या दारावर लावायला विसरू नका, बचावाच्या हेलिकॉप्टरची तीच खूण. डब्यातल्या खुणा बहुधा परदेशी दलांच्या असतात. केशरी बाहेर, मध्ये पांढरे आणि आत हिरवे असे आपले वर्तुळ वेगळे मागवावे लागेल. शेपटीवरचा क्रमांक आणि रंगाची छटा यांसाठी मात्र इंटरनेटवरील चित्रांवर भिस्त ठेवू नका. वडिलांच्या पेटीत त्या काळचा एखादा फोटो असेलच. काही निमित्त काढून तो मागून घ्या. आणि शक्य झाल्यास दाराची चौकट न रंगवताच प्रतिकृती त्यांच्या हातात द्या, रंग कोठे उडाला होता ते त्यांना आठवत असेल.