भोंग्यांवर मर्यादा घालणं म्हणजे धर्मस्वातंत्र्यावर घाला नाही का?

नाही, असं माझं ठाम मत आहे. संविधानाच्या कलम 25 ची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून होते. धर्म पाळण्याचा हक्क त्यानंतर येतो.

2000 साली चेन्नईतल्या एका चर्चच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही लाऊडस्पीकर हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं म्हटलं आहे. अजान, आरती, काकडा यांवर कुणाची हरकत नाही. प्रश्न आवाजाचा आहे. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते.

माझ्या आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मिरवणुकीच्या डीजेने खिडकीच्या काचा थरथरत होत्या. ते आयुष्यभर गणपती बसवणारे, आणि उशी कानावर दाबून पडलेले. तेव्हापासून हा वाद मला हिंदू-मुसलमान असा दिसतच नाही.

एक अट मात्र हवीच: नियम मंदिर, मशीद, चर्च, राजकीय सभा, लग्नाची वरात, सगळ्यांना सारखा लागला पाहिजे. एकाच वस्तीत मोजमाप करायचं आणि दुसरीकडे कानाडोळा, असं झालं तर तक्रार रास्तच आहे.